मोरपंखी कसर

४ डिसेंबर

ताई,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. आता वाचूनही टाक. नवा फोन नंबर तू दिला नाहीस, दिलास तो हॉस्पिटलचा पत्ता, आणि तोही घरात कुणाला सांगायचा नाही या अटीवर. मग पत्रच लिहिणार ना मी? अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. तक्रार करू नकोस.

बातमी काही महिन्यांपूर्वीची, तरी सांगते, मला संग्रहालयात इंटर्नशिप मिळाली. खरंच मिळाली! आम्ही सहा विद्यार्थी आहोत. वर्षभर प्रत्येक विभागात फिरवतात. नोंदणी विभागात मी वस्तूंना नंबर घालायला शिकले, शिक्षण विभागात शाळेच्या पोरांमागे धावून घसा बसवून घेतला, छायाचित्र विभागात एका मडक्याचे सगळ्या बाजूंनी इतके फोटो काढले की ते मडकं स्वप्नात येतं. आता शेवटचा, संवर्धन विभाग. म्हणजे जुन्या वस्तू नीट टिकवायच्या, दुरुस्त करायच्या. मला हाच हवा होता. वर्ष संपलं की सगळे विभागप्रमुख एकत्र बसतात आणि आमच्यापैकी एकालाच कायमचं घेतात.

ते एक मीच असायला हवं, ताई. बाबांनी मला एक वर्ष दिलंय. "जमलं तर जमलं. नाही तर दुकानात यायचं, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही." बिजागऱ्या, कड्या, स्क्रू, तोच गल्ला. त्या खुर्चीवर तू बसायचीस, तुला वेगळं काय सांगू?

बाबा चिडत नाहीत आता. तू गेल्यापासून नुसते बघतात. ते चिडायचे ना, तेव्हा बरं होतं.

तुझी टिंगू


१९ डिसेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, ड्युट्या असतील. मीच लिहिते.

मला लोकरी वस्त्रांच्या कोठारात टाकलंय. तळमजल्यावरची लांबच लांब खोली, खिडकी एकही नाही, लोखंडी कपाटं, आणि थंडी कसली गं! वस्तूंसाठी मुद्दाम गार ठेवतात. माणसांचं काय व्हायचं ते होवो. आमच्या विभागप्रमुख मॅडम रुमाल नाकाशी धरून फिरतात आणि कोणी शिंकलं की वस्तूकडे आधी बघतात, माणसाकडे मग.

इथे एक नियम आहे. तो मॅडमनी पहिल्या दिवशी इतक्यांदा सांगितला की उंटाने त्याचं गाणं केलं. उंट म्हणजे माझ्याबरोबरचा विद्यार्थी, उंच आहे आणि मान पुढे काढून चालतो. तर नियम असा, की बाहेरची लोकर आत आणायची नाही. स्वेटर, शाल, मफलर, हातमोजे, काही नाही. बाहेरच्या कपाटात ठेवायचं आणि संग्रहालयाचा जाड सुती कोट घालायचा. एखादी वस्तू संग्रहात आली, तरी ती आधी फ्रीझरमध्ये पडून राहते. कारण एकच, कसर. लोकर खाणारी ती एवढीशी अळी. एकदा आत शिरली की कपाटामागून कपाट संपवते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या वाट्याचा कोट एवढा मोठा आहे की बाह्यांतून वारा शिरतो. पहिले काही दिवस बोटं वाकडी झाली. मग मी काय केलं सांगू? तुझा मोरपंखी स्वेटर. पलंगाखालच्या ट्रंकेत होता. आई झोपली होती, झाकण जरासं उचलून वरचाच तेवढा हळूच काढला. कोटाच्या आत घालते, गळ्यापर्यंत बटणं लावते, कुणाला दिसत नाही. तुझा वास येत नाही त्याला आता, नुसता ट्रंकेचा येतो. पण घातला की धीर येतो.

कुणाला बोलू नकोस. बोलणार तरी कुणाला म्हणा.

माझ्या टेबलासमोरच्या खणात एक लहान मुलाची कानटोपी आहे. लाल लोकरीची, कानांवर दोन गोंडे, हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या. कुणी विणली, कुठलं मूल, काही माहीत नाही. दोऱ्यांना अजून गाठीचा पीळ आहे, म्हणजे कुणीतरी रोज बांधायचं आणि सोडायचं. मी कामाला बसताना तिला 'काय गं' म्हणते.

टिंगू


६ जानेवारी

ताई,

तुझ्या स्वेटरला मनगटाजवळ भोक आहे का गं? आधीपासून होतं का? नीट आठव. दाराच्या कडीत वगैरे अडकलं होतं का कधी? मला फक्त एवढंच कळव. एका ओळीत.

काही झालं नाही. सहज विचारते.

बरं, सहज नाही. कोठारात कोपऱ्याकोपऱ्यात चिकट कागद ठेवलेले असतात, किड्यांचे सापळे. ते गोळा करायचं काम विद्यार्थ्यांचं. काल माझ्या टेबलाखालच्या सापळ्यावर काहीतरी चिकटलं होतं. तांदळाच्या कणीपेक्षा थोडं लांब, नळीसारखं. मला वाटलं धागा आहे. मग ते हललं.

मॅडम पलीकडच्या कपाटाशी होत्या, पाठमोऱ्या. मी तो सापळा घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि तिथे नवा ठेवला. का केलं मी असं? हाक मारली असती तर संपलं असतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

घरी येऊन स्वेटर उलटा करून पाहिला. काखेत आणि बाहीच्या आत भोकं आहेत, एक नाही, बरीच. आणि शिवणीत बारीक वाळूसारखं काहीतरी, मोरपंखी रंगाचं. मी स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि गच्चीवरच्या टाकीमागे लपवला. आता घालत नाही. संपला विषय. एखादीच असेल ती, आणि ती तर सापडली.

तुला काय वाटतं?


१४ जानेवारी

ताई,

विषय संपला नाही.

कानटोपीला भोक पडलंय. डाव्या कानाच्या वर, वाटाण्याएवढं. मॅडमनी आज खण ओढला आणि तशाच उभ्या राहिल्या. आधी मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मग त्यांनी रुमाल खिशात ठेवला, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

आम्हा सगळ्यांना बोलावलं. भिंग घेतलं, चिमट्याने खणातून एक नळी उचलली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि म्हणाल्या, "बघा. ही अळी जी लोकर खाते त्याच लोकरीचं घर विणते आणि ते पाठीवर घेऊन फिरते. टोपी लाल आहे. हिच्या घराचं हे टोक लाल आहे, ते नुकतं झालंय. बाकीचं बघा कुठल्या रंगाचं आहे."

मोरपंखी, ताई. मला भिंगाची गरजच पडली नाही.

"या कोठारात या रंगाची एकही वस्तू नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ही कुणाच्या तरी अंगावरून आली."

मी नकळत कोटाचं वरचं बटण चाचपलं. वाटलं सगळ्यांना दिसलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे उंटाकडे बघत होते. उंटाच्या पँटच्या खिशातून मफलरचं टोक बाहेर आलं होतं. हिरवट निळं. अगदी तसंच नाही, पण घाबरलेल्या माणसांना तसंच वाटावं इतपत.

तो म्हणाला, "मॅडम, हा मी बाहेरच ठेवतो, आज घाईत खिशात राहिला." आणि मान खाली घातली. एवढा उंच मुलगा, कुठे दिसेनासाच झाला.

मी काय केलं? काही नाही. मूग गिळून बसले. घरी आले, जेवले, आईने विचारलं भात हवा का, मी म्हटलं हवा.


२३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर मिळालं. पत्र कसलं! दोन शब्द. 'सांगून टाक.' वर नाव नाही, खाली सही नाही. पोस्टाचं तिकीट तरी कशाला वाया घालवलंस?

तुला सांगायला काय जातंय? तू सांगून टाकलंस तेव्हा काय झालं ते मी ऐकलंय. मी जिन्यात बसले होते, सगळं ऐकू येत होतं. तू ताठ उभं राहून म्हणालीस, बाबा, मी दुकानात बसणार नाही, मी नर्सिंगला प्रवेश घेतलाय. आणि बाबा म्हणाले, "मग या घरात तुझं काही राहिलं नाही." बस, एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही. तू एक पिशवी घेऊन माझ्या शेजारून उतरून गेलीस, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची दुकानात माझ्यासाठी पुसून ठेवली होती.

खरं बोलल्यावर काय होतं ते मी तेव्हाच शिकले. मला शिकवू नकोस.

इथलं ऐक. संपूर्ण कोठार बंद केलंय. कपाटं रिकामी करून वस्तू पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये चालल्यात. पुढचं प्रदर्शन लांबलं. मुख्य साहेब रोज खाली येऊन दारातूनच विचारतात, "कळलं का कोण ते?" उंटाचा मफलर तपासायला घेतलाय आणि निकाल येईपर्यंत त्याने येऊ नये असं त्याला सांगितलंय. निघताना तो फाटकाशी मला भेटला. मला वाटलं त्याला संशय आलाय. तर तो म्हणतो कसा, "माझ्यामुळेच झालं असणार गं. मी धांदरटच आहे. त्या टोपीकडे बघवत नाही मला."

त्याला खरंच तसं वाटतंय, ताई. आणि मी त्याला म्हटलं, "नको रे एवढं लावून घेऊस." असं म्हटलं मी! माझी जीभ कशी झडली नाही?

मॅडमच्या पावलांचा आवाज आला तरी धडकी भरते. घरी बाबांची चप्पल वाजली तरी तीच धडकी. दोन्हीकडे तेच. कुणीतरी दारात येऊन उभं राहील आणि हळू आवाजात म्हणेल, इथे तुझं काही राहिलं नाही.

पुन्हा वाचलं वरचं. तुझ्यावर ओरडायचं नव्हतं मला.


२७ जानेवारी

ताई,

सांगितलं.

धीर आला म्हणून नव्हे हं. उंटाचा निकाल आज येणार होता, आणि मला सकाळी वाटून गेलं की मफलरमध्ये खरंच कसर निघाली तर बरं. ते वाटलं आणि मग माझीच मला भीती वाटली. आजवरच्या सगळ्या भीतीपेक्षा ती मोठी होती. गच्चीवर गेले, टाकीमागची पिशवी काढली, वरून आणखी दोन पिशव्या बांधल्या आणि निघाले.

कोठाराच्या दारात थांबले, आत पाऊल टाकलं नाही. मॅडमना बाहेर बोलावलं. पिशवी पुढे धरली. त्यांनी प्लास्टिकमधून रंग पाहिला आणि त्यांना कळलं.

"घालून येत होतीस?"

"कोटाच्या आत."

"सापळ्यात काही दिसलं नाही तुला?"

"दिसलं. मी तो लपवला."

मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "स्वेटर घातलास ते थंडीने. ते मी समजू शकते. सापळा लपवलास ते नाही." मग त्यांनी उंटाला फोन लावला, माझ्यासमोर. म्हणाल्या, "तुझा काही संबंध नाही, उद्यापासून ये." मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी विचारलं, "हा स्वेटर होता कुठे?"

"ट्रंकेत. ताई गेल्यापासून माझ्याखेरीज कुणी उघडली नव्हती."

"मग आतलं बाकीचं सगळं खाऊन झालं असेल. कसरीला असंच लागतं, अंधार, आणि कुणी हात लावायचा नाही. घरी जाऊन ती ट्रंक उघड. सगळं उन्हात काढ. आणि घरच्यांना सांगून कर, चोरून नको. तुझं काय करायचं ते विभागप्रमुख दोन दिवसांत ठरवतील."

ताई, विभागप्रमुखांचं एकवेळ परवडलं. पण ट्रंक! ती बाबांच्या पलंगाखाली आहे.


२ फेब्रुवारी

ताई,

आधी संग्रहालयाचं सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. काढलं नाही मला. पण संवर्धन विभागाचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि कायमच्या जागेसाठी माझं नाव धरणार नाहीत. ती गेली. मॅडमनी वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे एकच काम दिलंय, सगळ्या इमारतीतले सापळे बघायचे. म्हणाल्या, "तुझ्याइतकं घाबरून दुसरं कुणी बघणार नाही." टोपी फ्रीझरमध्ये आहे. भोक रफू करता येतं, पण ते दिसणार. उंट कामावर आलाय. माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं.

आता घरचं.

काल दुकान बंद होतं. बाबा पेपर वाचत होते. मी पलंगाखाली वाकून ट्रंक ओढली. तिचा जो आवाज झाला ना, आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली.

"कुणी सांगितलं हात लावायला?" बाबा म्हणाले. तोच आवाज, ताई. अजिबात न चढलेला. मी खालीच बसले आणि बसल्या बसल्या सगळं बोलून टाकलं. ताईचा स्वेटर चोरून काढला, तो संग्रहालयात नेला, तिथल्या वस्तूचं नुकसान केलं, दुसऱ्या मुलावर आळ येऊ दिला, कायमची जागा गेली. "आता तुम्ही म्हणाल तर दुकानात बसते. पण आधी ही उघडायची आहे."

मी डोळे मिटून घेतले. ते वाक्य येईल म्हणून वाट बघत होते.

ते आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा दुकानातली तेलाची कुपी घेऊन आले, खाली बसले आणि गंजलेल्या बिजागरीवर थेंब थेंब तेल सोडायला लागले. मग झाकण उचललं.

काही उरलं नव्हतं, ताई. तुझी शाळेची शाल, पांढरा स्वेटर, आईने विणलेले ते हातमोजे. वरून सगळं नीट घडी केलेलं दिसत होतं. बाबांनी शाल उचलली तर ती हातातच सुटली, आणि लोकरीची रंगीत वाळू त्यांच्या मांडीवर पडली.

"तू बघत नव्हतीस?" ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

बाबांनी ट्रंक उचलली, एकट्याने, गच्चीवर नेली आणि एकेक कपडा उन्हात झटकायला लागले. झटकण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी झटकत होते. मी पलीकडचं टोक धरलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिकडे थंडी फार असते का गं?"

कुणाकडे ते म्हणाले नाहीत. तुला दिलेलं वचन आठवलं, आणि तरीही मी म्हटलं, "माहीत नाही. विचारते."

त्यांनी मान हलवली, म्हणजे पत्ता माझ्याकडे आहे हे त्यांना कळलं. त्यानंतर ते दोन्ही हातांनी तो पांढरा स्वेटर धरून नुसते उभे राहिले.

म्हणून विचारते. तिकडे थंडी फार असते का?

उत्तर मला पाठवू नकोस. दुकानाच्या पत्त्यावर पाठव. हवं तर दोनच शब्द लिही, मागच्यासारखे. पण पाकिटावर बाबांचं नाव घाल.

टिंगू